बाटलीवरची विधवा

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका. दिवाळीच्या अंकात हा असला शब्द कशाला, असं कुणाच्या तरी मनात येणारच. पण हा शब्द माझा नाही. गेली दोनशेहून अधिक वर्षं तो फ्रान्समधल्या एका कंपनीच्या नावात अगदी पहिल्या जागी बसला आहे. आणि त्या कंपनीची बाटली उघडली जाते ती लग्नात, वाढदिवसाला, नव्या वर्षाच्या स्वागताला, म्हणजे नेमकी शुभप्रसंगी! दुबई विमानतळाच्या ड्यूटी फ्रीमधून जाता-येता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. पिवळसर केशरी लेबल, आणि त्यावर ‘व्हव क्लिको पोंसार्दँ’. यातलं क्लिको हे सासरचं आडनाव, पोंसार्दँ माहेरचं, आणि ‘व्हव’ म्हणजे फ्रेंच भाषेत विधवा. थोडक्यात काय, तर ‘पोंसार्दँकडची, क्लिकोंची विधवा सून’ असं नाव धारण केलेली शॅम्पेन!

आता अल ऐनमध्ये राहणाऱ्या, दिवसभर सर्व्हर आणि डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माणसाने फ्रान्समधल्या वाईनवालीवर का लिहावं? एक खुलासा आधीच करतो. हा लेख पिण्याविषयी नाही. या बाईने शॅम्पेनऐवजी मोरावळा विकला असता तरी मी तो लिहिलाच असता. मला तिच्यात दिसली ती एक पक्की इंजिनियर, आणि त्याहून जास्त म्हणजे, आपल्याकडे जो शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारतात तो नावाच्या पाटीवर लावून धंदा करणारी बाई. २०२३ साली तिच्या आयुष्यावर एक इंग्रजी चित्रपटही आला. पण चित्रपटात प्रेमकथा जास्त असते. मला सांगायचंय ते हिशेबाबद्दल आणि हिमतीबद्दल.

कापडवाल्याची लेक

बार्ब-निकोल पोंसार्दँचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी रँस शहरात झाला. स्पेलिंगप्रमाणे आपण त्याला रीम्स म्हणू, पण फ्रेंच लोक रँस म्हणतात. पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या शाम्पान्य प्रांतातलं हे मोठं शहर. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक इथल्या कॅथीड्रलमध्ये व्हायचा. तिचे वडील निकोला पोंसार्दँ कापडाचे कारखानदार, गावातले बडे प्रस्थ. मुलीला शिकायला मठातल्या शाळेत घातलं होतं.

१७८९ साली फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि श्रीमंतांच्या पोरींना रस्त्यावरून नेणंही धोक्याचं झालं. घरच्या शिंपिणीने तिला शेतकऱ्याच्या मुलीचे कपडे घालून गुपचूप शाळेतून बाहेर काढलं, अशी एक गोष्ट सांगतात. वडील मात्र भारी हुशार. कालपर्यंत राजाचं गुणगान करणारे पोंसार्दँ वारं फिरताच क्रांतिकारकांच्या गोटात जाऊन बसले आणि घर, कारखाना, मान सगळं वाचवलं. पुढे नेपोलियन आला तेव्हा ते त्याचे झाले, रँसचे महापौर झाले आणि शेवटी बॅरनही! वारा कुठून येतोय हे ओळखायची ही विद्या मुलीने जवळून पाहिली. ती तिला पुढे उपयोगी पडली.

१७९८ साली तिचं लग्न फ्रान्स्वा क्लिकोशी झालं. हे घराणंही कापडवाल्यांचंच. वाईन हा त्यांचा जोडधंदा. सासरे फिलिप क्लिको यांनी तो १७७२ साली सुरू केला होता. बूझीसारख्या गावांत घराण्याचे थोडे द्राक्षमळे होते, इतरांकडूनही माल घ्यायचा आणि कापडाच्या गिऱ्हाइकाला वाईन विकायची, असा मामला. फ्रान्स्वाला मात्र वाईनचंच वेड. तो ऑर्डरी मिळवायला युरोपभर हिंडायचा. लुई बोन नावाचा एक बुटका, गोल गरगरीत, जिभेवर साखर असलेला विक्रेता त्याने हेरला आणि नोकरीवर ठेवला. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. नवरा-बायको दोघंही मळ्यांत जायचे आणि वाईन शिकायचे. १७९९ साली मुलगी झाली, क्लेमांतीन.

आणि ऑक्टोबर १८०५ मध्ये फ्रान्स्वा गेला. तापाने गेला असं सांगितलं गेलं. त्याने जीव दिला अशी कुजबुजही गावात होती. धंदा तेव्हा वाईट चालला होता, एवढं खरं. बार्ब-निकोल सत्तावीस वर्षांची होती आणि पदरात सहा वर्षांची मुलगी.

सासरा आणि सून

मुलाच्या जाण्याने खचलेल्या फिलिप क्लिकोंनी वाईनचा धंदा बंद करायचं ठरवलं. रीतसर विचार केला तर बरोबरच होतं. युरोपभर नेपोलियनची युद्धं, बंदरं बंद, गिऱ्हाईक गायब. सुनेने माहेरी जावं किंवा दुसरं लग्न करावं. पैशाला दोन्हीकडे तोटा नव्हता. पण ही सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, धंदा मी चालवते.

इथे मराठी माणसाला एक जोडी आठवल्याशिवाय राहत नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले तेव्हा मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिलं नाही. उलट कारभार शिकवला. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या माउलीने माळव्याचं राज्य चालवलं, आणि महेश्वरला विणकर आणून बसवले त्यांच्या साड्या आजही आपण घेतो. फिलिप क्लिकोंना अर्थातच मल्हारराव माहीत असण्याचं कारण नाही. पण केलं त्यांनी तेच. पैसे दिले, आणि एक अटही घातली. अलेक्झांद्र फूर्नो नावाच्या जाणत्या वाईन व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत राहून चार वर्षं काम शिकायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर चार वर्षांचं प्रोबेशन!

आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने होती, ती म्हणजे कायदा. १८०४ साली नेपोलियनची नागरी संहिता लागू झाली. तिच्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नसे. तिच्या मिळकतीचा कारभारही नवऱ्याच्या हाती. पण नवरा वारला की मात्र ती बाई कायद्याने स्वतःची मालक व्हायची. सही तिची, कर्ज तिचं, नफा-तोटा तिचा. म्हणजे बघा, ज्या देशाने समतेची घोषणा सगळ्या जगाला दिली, तिथे बाईला स्वतःच्या नावाने दुकान थाटायचं तर आधी नवरा मरायला लागत होता. बार्ब-निकोलने या फटीतूनच आपला रस्ता काढला. आणि दुसरं लग्न तिने पुढे कधीच केलं नाही. का केलं नाही ते तिलाच ठाऊक. पण केलं असतं तर ही सही पुन्हा कुणा दुसऱ्याच्या हातात गेली असती, हे तिला नक्कीच कळत होतं.

ही चार वर्षं कठीण गेली. ब्रिटिश आरमाराने बंदरं अडवली होती. माल गोदामात पडून खराब झाला. १८१० मध्ये फूर्नोने हात वर केले आणि भागीदारी संपली. याच फूर्नोंच्या पेढीतून पुढे विसाव्या शतकात तेतांजे हे प्रसिद्ध शॅम्पेनघर उभं राहिलं, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. सासऱ्यांनी पुन्हा पैसे घातले, आणि बार्ब-निकोलने स्वतःच्या एकटीच्या नावाने पेढी उघडली. तीच ही व्हव क्लिको पोंसार्दँ. वय वर्षं बत्तीस.

धूमकेतू आणि जहाज

१८११ साली आकाशात एक मोठा धूमकेतू कित्येक महिने दिसत होता. त्या वर्षी शाम्पान्यमध्ये द्राक्षं अशी काही पिकली की लोकांनी त्या वाईनला धूमकेतूची वाईनच म्हटलं. तळघर उत्तम मालाने भरलं, पण विकायचं कुणाला? तिचं खरं गिऱ्हाईक रशियातलं. तिथल्या सरदारांना गोड शॅम्पेन भारी आवडायची. आणि रशियाने तर बाटलीबंद फ्रेंच वाईनवर बंदी घातली होती. त्यात १८१२ साली नेपोलियन मॉस्कोवर चालून गेला. मग काय विचारता!

१८१४ च्या सुरुवातीला तर रशियन फौजाच रँसमध्ये येऊन ठेपल्या. बाटल्या लुटल्या जाण्याची भीती होती. काही प्यायल्या गेल्याही. पण बाईने यातही एक गोष्ट हेरली. आज हे शिपाई आणि अधिकारी तिची वाईन पिताहेत, उद्या घरी जाऊन तीच मागणार. फुकटचं सॅम्पल वाटप म्हणा ना!

एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने गादी सोडली. आता शांतता होणार हे दिसत होतं, पण रशियाची बंदी अजून रीतसर उठली नव्हती. बाकीचे व्यापारी कागद हातात पडायची वाट बघत बसले. बार्ब-निकोलने वाट पाहिली नाही. तिने गुपचूप एक डच जहाज भाड्याने घेतलं आणि जूनमध्ये रुआँ बंदरातून १०,५५० बाटल्या बाल्टिक समुद्राच्या वाटेला लावल्या. बरोबर पाठवला लुई बोनला.

हा जुगार केवढा होता हे जरा समजून घ्या. उन्हाळ्यात बाटल्या तापून फुटण्याची भीती. वाटेत जप्त झाल्या तर भरपाई नाही. आणि पेढीत दुसरा डाव खेळायला पैसा नाही. माझ्या धंद्यात टेस्टिंग पूर्ण न करता गो-लाइव्ह करणाऱ्याला आम्ही वेडा म्हणतो. पण तिने टेस्टिंग केलं होतं. फक्त ते मालाचं आणि गिऱ्हाइकाचं. आठ-नऊ वर्षं ती दुसरं काय करत होती?

जहाज कोनिग्सबर्गला लागलं, तेव्हा स्पर्धकांचा एकही माल बाजारात नव्हता. गोदीवरच झुंबड उडाली. बोनने चढ्या भावाने माल विकला. बातमी पोचेपर्यंत इकडे बाईने दुसरं जहाज सोडलंही होतं, सेंट पीटर्सबर्गसाठी. बंदी उठली आणि इतरांची जहाजं पोचली तोवर रशियात शॅम्पेन म्हणजे क्लिको हे समीकरण होऊन बसलं होतं. ते इतकं पक्कं की पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या काव्यातही विधवा क्लिकोच्या वाईनचा उल्लेख आहे. आणि गंमत म्हणजे ही बाई स्वतः रशियाला कधीच गेली नाही. सगळा कारभार पत्रांवर. आपण क्लायंटला न भेटता चार वर्षं प्रोजेक्ट चालवतो, त्याचं कौतुक जरा कमी करायला हरकत नाही!

खराखुरा बॉटलनेक

आता माझ्या आवडीचा भाग. शॅम्पेनचे बुडबुडे येतात कुठून? आधी साधी वाईन करतात. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवतात. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायू तयार होतो आणि जायला जागा नाही म्हणून वाईनमध्येच विरघळून राहतो. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. त्या काळची काच कच्ची, त्यामुळे तळघरात एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटायच्या.

पण याहून मोठी डोकेदुखी वेगळीच. काम संपल्यावर यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीतच राहतो. वाईन गढूळ दिसते. आता गाळ काढायचा तर बाटली उघडायला हवी, आणि उघडली की वायू निघून जाणार. गाळ खाली बसू देऊन वरची वाईन दुसऱ्या बाटलीत ओतायची, हा तेव्हाचा उपाय. त्यात वेळ जायचा, माल सांडायचा, बुडबुडे कमी व्हायचे. रशियातून ऑर्डरींवर ऑर्डरी येताहेत आणि माल तळघरात गाळापायी अडकलाय! आम्ही आयटीवाले ज्याला बॉटलनेक म्हणतो तो हाच. फरक इतकाच की इथे तो शब्दशः होता.

१८१६ च्या सुमारास तिने यावर तोडगा काढला. स्वयंपाकघरातलं एक जाडजूड टेबल तळघरात आणवलं आणि त्याला भोकं पाडवली, असं सांगतात. बाटल्या त्या भोकांत मान खाली करून तिरक्या खोचायच्या. रोज प्रत्येक बाटलीला हलका झटका देऊन थोडंसं फिरवायचं आणि हळूहळू उभी करत न्यायचं. सहा ते आठ आठवड्यांत सगळा गाळ सरकत सरकत बुचापाशी, म्हणजे बाटलीच्या मानेत गोळा होतो. मग बूच झटकन काढायचं, आतल्या दाबाने गाळाचा गोळा बाहेर उडतो, लगेच थोडी गोड वाईन घालून नवं बूच ठोकायचं. वाईन आरशासारखी स्वच्छ आणि बुडबुडे जागच्या जागी!

या कामात तिचा तळघरप्रमुख आंत्वान म्युलर याचाही मोठा वाटा होता. कुणी श्रेय त्याला जास्त देतात, कुणी तिला. पण तळघरातल्या अडचणीचं मूळ शोधण्यासाठी मालकीण स्वतः तिथे उतरत होती, हे महत्त्वाचं. आणि ही युक्ती तिने कामगारांकरवी काही वर्षं गुप्त ठेवली, हे तर त्याहून महत्त्वाचं. तिचे स्पर्धक, त्यांत मोएटसारखा बलाढ्य व्यापारी, ही बाई एवढा स्वच्छ माल एवढ्या झपाट्याने काढते कशी, याचा शोध घेत राहिले. आज बहुतेक ठिकाणी बाटल्या फिरवायचं काम यंत्रं करतात, पण पद्धत तीच. १८१८ साली तिने बूझीची लाल वाईन मिसळून गुलाबी शॅम्पेन केली. तीही पद्धत शाम्पान्यमध्ये रूढ झाली.

हे सगळं चालायचं जमिनीखाली. रँसच्या पोटात खडूच्या दगडात कोरलेली लांबच लांब तळघरं आहेत. बाहेर ऊन असो की बर्फ, आत बाराही महिने दहा-बारा अंशांचा गारवा. अल ऐनला राहणाऱ्या माणसाला याचं नवल कमी वाटतं. आपल्या इथल्या ओॲसिसला पाणी आलं ते फलजमधून. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या कालव्यातून, नुसत्या उतारावर, कुठलाही पंप न लावता खजुराच्या बागांपर्यंत आणलेलं. हिली इथला फलज तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. तिथे वाईन, इथे पाणी, पण डोकं एकच. वर उन्हाशी भांडत बसायचं नाही, खाली जायचं. अल ऐनच्या या वारशाला युनेस्कोने २०११ साली मानाच्या यादीत घेतलं, आणि शाम्पान्यचे मळे, तळघरं आणि पेढ्यांना २०१५ साली. पाहुणे आले की आपण त्यांना जबल हफीतवर नेतो. पुढच्या वेळी ओॲसिसमधल्या त्या पाटांपाशीही पाच मिनिटं उभं करा.

आमच्या मळ्यातली ‘नानांची बाग’

मी हे चरित्र एका बैठकीत वाचून काढलं, त्याला एक घरगुती कारण आहे. आमचं गाव नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात. घरची द्राक्षबाग. आजोबा, म्हणजे नाना, सत्तरच्या दशकात अचानक गेले. आजी तिशीत होती. पुढची पंचवीस वर्षं ती बाग तिने चालवली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी आली की रात्री-अपरात्री उठून फवारणीची तयारी, व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस, सोसायटीचं कर्ज. अवकाळी पावसात तडकलेले मणी बघून तोंडातून अवाक्षर न काढता दुसऱ्या दिवशी बेदाण्याचा हिशेब मांडणारी बाई होती ती.

पण गावात तिच्या बागेला अखेरपर्यंत सगळे म्हणायचे ‘नानांची बाग’. मुहूर्ताची पहिली पेटी भरली जायची तेव्हा नारळ फोडायला धाकट्या दिरांना बोलावत. पूजेला ती मागे, दाराच्या आड. हळदीकुंकवाला तर बोलावणंच नाही. यात कुणाचा दुष्टपणा होता असंही नाही. रीतच होती, आणि रीत पाळणाऱ्यांत ती स्वतःही होती.

म्हणून मला त्या लेबलचं महत्त्व वाटतं. ज्या काळात रँसमध्ये एक विधवा स्वतःचं वैधव्य नावात मिरवून सम्राटांना माल विकत होती, त्याच काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात, तिच्या वयाच्या विधवेचं केशवपन होत होतं. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा आला १८५६ साली, ती हयात असतानाच. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला. १८९६ साली अण्णा कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. प्रत्येक पाऊल मोठं. पण तरी माझ्या आजीपर्यंत ते पूर्ण पोचलं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली! आणि मग राज्य सरकारने इतर गावांनाही त्याच वाटेने जायला सांगितलं.

दुसरी बाजू

मात्र बाईला देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. तिनेही आपल्या लेकीला कधी पेढीची पायरी चढू दिली नाही. १८१७ साली क्लेमांतीनचं लग्न तिने काउंट दं शेव्हिन्ये या खानदानी पण खिसा रिकामा असलेल्या गृहस्थाशी लावून दिलं. जावईबापू कविता करायचे, जुगार खेळायचे आणि सासूबाईंच्या पैशांवर ऐटीत राहायचे. सासूबाई त्यांची बिलं भरायच्या. असे जावई सगळ्या देशांत मिळतात!

तिचे आडाखेही नेहमी बरोबर आले असं नाही. वाईनच्या जोडीला बँकिंग करायचा मोह झाला. १८२० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसची एक बँक बुडाली तेव्हा तिची पेढीही गोत्यात आली. त्या वेळी तिचा तरुण कारभारी एदुआर वेर्ले याने स्वतःची पुंजी ओतून पेढी वाचवली. हा जर्मनीतून आलेला, अगदी खालपासून वर चढलेला मुलगा. १८३१ साली तिने त्याला भागीदार केलं आणि पुढे धंदाच त्याच्या हाती सोपवला. जावयाकडे नाही, आणि लेकीकडेही नाही. पैसा घरात राहिला, पेढी मात्र लायक माणसाकडे गेली. हिशेबी डोक्याने पाहिलं तर निर्णय चोख. पण ज्या फटीतून ती स्वतः बाहेर आली ती आपल्या लेकीसाठी, नातीसाठी रुंद करावी, असं तिच्या मनात आलेलं दिसत नाही. कायदा होता तसाच होता, आणि लेकीचा नवरा जिवंत होता!

तरी वाट मात्र पडली. रँसमध्येच लुईझ पोमरी या विधवेने नवऱ्यामागे धंदा हाती घेतला आणि १८७४ साली कमी गोड ‘ब्रूत’ शॅम्पेन यशस्वी करून दाखवली. पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यात दोना आंतोनिया फेरेइरा या विधवेने पोर्ट वाईनचं साम्राज्य उभं केलं. विसाव्या शतकात लिली बोलँजेने दुसऱ्या महायुद्धात नवरा गेल्यावर पेढी सांभाळली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात नारायणगावला फ्रेंच पद्धतीने बुडबुड्यांची वाईन होऊ लागली आणि पुढे नाशिक वाईनची राजधानी झाली. तिथेही बाटल्यांच्या मानेतून गाळ काढतात तो याच युक्तीने.

बार्ब-निकोलने अखेरची वर्षं बूर्सो इथल्या आपल्या भल्यामोठ्या वाड्यात काढली. तिथेच २९ जुलै १८६६ रोजी ती गेली. वय अठ्ठ्याऐंशी. विधवा म्हणून साठ वर्षं जगली, आणि त्यातली पस्तीसहून अधिक वर्षं धंदा केला. पिवळ्या लेबलची नोंदणी तिच्यानंतर, १८७७ साली झाली. २०१० साली बाल्टिक समुद्रात फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजातून पाणबुड्यांनी १६८ बाटल्या वर काढल्या. त्यांतल्या बऱ्याच तिच्या पेढीच्या, सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या. लेबलं केव्हाच विरघळून गेली होती. पण बुचांच्या आतल्या बाजूला डागलेल्या खुणांवरून बाटल्या कुणाच्या ते कळलं. तपासणीत लिटरमागे १५० ग्रॅमच्या आसपास साखर निघाली. आजच्या ब्रूतमध्ये ती बारा ग्रॅमच्या आत असते. त्या काळच्या गिऱ्हाइकाची जीभ केवढी गोड होती बघा, आणि बाईला ती किती अचूक माहीत होती!

मंडळी, परदेशात आपण सगळेच कुणाच्या तरी नावाने ओळखले जातो. व्हिसावर स्पॉन्सरचं नाव, कार्डावर कंपनीचं. त्यामुळे पाटीवर आपलं नाव लागण्याची किंमत आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. येत्या लक्ष्मीपूजनाला घराघरांत पूजा मांडली जाईल. वही, लॅपटॉप, दुकानाची किल्ली, जे ज्याचं असेल ते पाटावर ठेवलं जाईल. तुमच्या घरात, इथे किंवा तिकडे गावाला, नवऱ्यामागे संसार आणि धंदा ओढून नेणारी कुणी आई, आजी, काकू, आत्या असेल, तर या वर्षी वहीवरचं पहिलं कुंकू तिच्या हाताने लागू द्या. फोनवर व्हिडिओ लावून लागलं तरी चालेल. लक्ष्मी रागावणार नाही. हिशेब कुणी सांभाळला, हे तिला चांगलं ठाऊक असतं.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!